शनिवारी पॉम्पेई, गुरुवारी पुतेओली: भोकरदनहून इटलीच्या बाजारापर्यंत

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांनी एसटीत बसल्या बसल्या वाचून काढा.)



आजची सुरुवात माझ्या आजीपासून. आजीला कॅलेंडर वाचता यायचं नाही, पण आज कोणता वार हे तिला कधी विचारावं लागलं नाही. पंचक्रोशीतल्या कोणत्या गावाचा बाजार आज आहे, एवढं तिला माहीत असायचं आणि त्यावरून वार आपोआप निघायचा. रस्त्याने माळव्याची पोती लादलेला टेम्पो कोणत्या दिशेला चाललाय हे बघून ती वार सांगायची. मला लहानपणी वाटायचं, हे आपल्या खेड्यापाड्याचं गणित. मोठ्या शहरातल्या लोकांकडे घड्याळ आणि कॅलेंडर, आपल्याकडे बाजार.

मग एक दिवस मोबाईलवर एका भिंतीवरच्या खरडीबद्दल वाचलं. भिंत इटलीतली, पॉम्पेई नावाच्या शहरातल्या एका दुकानाची. लिहिणाऱ्याने कशाने तरी टोकरून भिंतीवर यादी केलीय. एका बाजूला वार: शनी, रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. दुसऱ्या बाजूला गावं: पॉम्पेई, नुकेरिया, अटेला, नोला, कुमे, पुतेओली, रोम, कापुआ. म्हणजे शनिवारी पॉम्पेईचा बाजार, रविवारी नुकेरियाचा, सोमवारी अटेलाचा, गुरुवारी पुतेओलीचा.

ही यादी १,९०० वर्षांपेक्षा जुनी आहे. माझ्या आजीच्या डोक्यात होती तशीच यादी, पण रोमन साम्राज्यातल्या एका दुकानदाराच्या भिंतीवर.

आजचा भाग या बाजाराबद्दल आहे. आणि हो, जालन्याबद्दलसुद्धा. कारण या पॉम्पेईतल्या एका बाजाररस्त्यावर एक अशी वस्तू सापडली, की तिचा माग काढत काढत काही अभ्यासक थेट आपल्या भोकरदनला पोचले.

आधी बाजारात एक चक्कर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. पॉम्पेई हे दक्षिण इटलीतलं, नेपल्सजवळचं एक मध्यम शहर. वस्ती अंदाजे दहा-बारा हजार. म्हणजे रोमन जगातलं तालुक्याचं गाव म्हणा. इ.स. ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि राखेखाली सगळं गाव गाडलं गेलं. १७४८ पासून तिथे खोदकाम सुरू आहे, आणि अजूनही जवळजवळ एक तृतीयांश शहर मातीखाली आहे.

राजवाडे आणि देवळं जगात खूप ठिकाणी टिकली. पण बाजार टिकत नाही. बाजार संध्याकाळी उठतो, पालं गुंडाळली जातात, मागे कोबीची पानं आणि बारदान्याचे तुकडे उरतात. पॉम्पेईत मात्र भरलेला बाजारच राखेखाली गेला, म्हणून तो आपल्याला दिसतो.

मी पॉम्पेई प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोटो आणि नकाशावरच फिरलोय. पण जे दिसतं त्यात ओळखीचं इतकं आहे की परकं वाटत नाही. गावाचा मुख्य रस्ता लांबच्या लांब, दगडी फरशीचा. आज त्याला विया देल्लाबोन्दान्त्सा म्हणतात. दोन्ही बाजूंनी दुकानं. फरशीत गाडीच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. रस्ता ओलांडताना पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून मध्ये मोठे दगड ठेवलेत, आणि दोन दगडांमधून गाडीचं चाक जाईल एवढी जागा सोडलीय.

रस्त्याला लागूनच खाण्याची दुकानं. दगडी कट्टा, कट्ट्यात पुरलेले रांजण, रांजणात अन्न. उभ्या उभ्या खायचं आणि पुढे चालायला लागायचं. अशाच एका दुकानाचं पूर्ण उत्खनन २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं. कट्ट्यावर बदकं आणि कोंबडा रंगवलेला, रांजणात बदक, बकरी, डुक्कर, मासे आणि गोगलगाई यांचे अवशेष. दुसऱ्या एका ठिकाणी भिंतीवर दारूचे दर आहेत. एका नाण्यात साधी, दोन नाण्यांत बरी आणि चार नाण्यांत एकदम उंची. आपल्याकडे चहावाल्याकडे साधा, स्पेशल आणि मलई मारके असतो, तसाच प्रकार.

चौकाशेजारी मोठी मंडई होती. तिच्या मध्यभागी खोदताना माशांचे खवले सापडले, म्हणजे मासे तिथे साफ होत असणार. अंजीर, द्राक्षं, आलुबुखार यांचे जळून कोळसा झालेले अवशेषही मिळाले.

चौकातच एक दगडी टेबल आहे. त्यात वेगवेगळ्या आकाराचे खळगे कोरलेत, खाली छिद्र. ही सरकारमान्य मापं. व्यापाऱ्याने दिलेलं धान्य खरंच मापात आहे का, हे गिऱ्हाइकाने इथे येऊन तपासायचं. आपल्या पायली-शेराचा सरकारी नमुना म्हणा. यात एक गंमत आहे. आधी हे खळगे स्थानिक जुन्या मापाचे होते. रोमची सत्ता पक्की झाल्यावर, इ.स.पूर्व २० च्या आसपास, ते खोदून मोठे केले आणि रोमन मापाला जुळवले. राज्य बदललं की पहिल्यांदा मापं बदलतात, कारण कर मापावर असतो. निजामी शेर जाऊन किलो आला तेव्हा आपल्या पणजोबांनीही हे बघितलंय.

आता अडत्या. मोंढा माहीत असलेल्या प्रत्येकाला हा माणूस ओळखीचा वाटेल. त्याचं नाव लुकियस काइकिलियस युकुंडस. हा लिलाव करायचा, पैसे मध्ये भरायचा आणि आपलं कमिशन कापून उरलेले विकणाऱ्याला द्यायचा. १८७५ मध्ये त्याच्या घरात दीडशेच्या वर लाकडी पाट्या सापडल्या. पाटीवर मेण, मेणावर पावती, खाली साक्षीदारांची नावं. त्यातली सगळ्यात जुनी पावती इ.स. १५ ची, त्याच्या आधीच्या पिढीतली. त्यात ५२० सेस्टर्सला एक खेचर विकल्याची नोंद आहे. सेस्टर्स म्हणजे रोमन पितळी नाणं.

अजून एक खरड. एका दुकानातून काशाची घागर गेली. मालकाने भिंतीवर लिहिलं, जो आणून देईल त्याला ६५ सेस्टर्स बक्षीस. आज गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर येतो तसा मेसेज. घागर मिळाली का, देव जाणे.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एका घराच्या उंबऱ्याशी फरशीत रंगीत खड्यांनी लिहिलेलं वाक्य. अर्थ असा की, ये नफ्या, तुझं स्वागत. आपल्या दुकानाच्या चौकटीवर काय असतं? शुभ लाभ!

त्याच रस्त्यावर एक बाई

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मघाशी सांगितलेल्या त्या मुख्य रस्त्यावर कापडाचं एक दुकान होतं, वेरेकुंडस नावाच्या माणसाचं. त्याच्या दर्शनी भिंतीवर जाहिरातीसारखं चित्र आहे. खाली एक बाई गल्ल्यामागे बसून माल विकतेय आणि वर व्हीनस देवी रथात उभी आहे. रथाला जुंपलेत चार हत्ती. इटलीतल्या रस्त्यावर, कापडाच्या दुकानावर, हत्ती!

त्याच रस्त्यावरच्या एका घरात १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या खोदकामात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. उंची साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या पट्टीपेक्षा थोडी लहान. एक तरुण स्त्री पायाला पाय आडवा टाकून उभी आहे. अंगावर कपडा जवळजवळ नाही, पण दागिने भरपूर. हातात कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला मेखला, पायात जाड तोडे. दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्याहून लहान अशा दोन दासी, शृंगाराचं सामान घेतलेल्या. डोक्यावर वरून खाली एक भोक. बघितल्या बघितल्या कळतं की ही रोमन नाही.

सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि इंटरनेटवर आजही ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावानेच सापडते. बरेच अभ्यासक आता तिला यक्षी म्हणतात, कारण लक्ष्मीची नेहमीची लक्षणं तिच्यात नाहीत. डोक्यातल्या भोकावरून असाही अंदाज आहे की ती एखाद्या आरशाची मूठ असेल किंवा छोट्या टेबलाचा पाय. म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती असेलच असं नाही, घरात मिरवायची एखादी महागडी परदेशी वस्तूही असू शकते. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

प्रश्न असा की ही बाई मूळची कुठली?

भोकरदन, म्हणजे भोगवर्धन

जालना बसस्टँडवरून भोकरदनची गाडी पकडली की वाटेत राजूरचा गणपती लागतो. बहुतेकांचा प्रवास तिथेच संपतो, दर्शन झालं की परत. तसंच पुढे गेलं की केळना नदीच्या काठी भोकरदन. तालुक्याचं गाव. पंचायत समिती, तहसील, मोबाईलची दुकानं, बी-बियाणं आणि खताची दुकानं. नदीकाठी एक कोरीव लेणं आहे, त्यात शेषशायी विष्णू आहे. बाहेरचे लोक अजिंठ्याला जाताना फार तर भोकरदनची पाटी वाचतात.

या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. हे नाव मध्य प्रदेशातल्या सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या लोकांनी तिथे जाऊन दान दिलं आणि आपल्या गावाचं नाव दगडावर लिहून ठेवलं. इतक्या लांब जाऊन दान देणारे लोक ज्या गावात होते, त्या गावात पैसा खेळत होता हे उघड आहे.

तो कुठून येत होता? पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. तिथून उत्तरेला उज्जैनकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता होता. भोगवर्धन त्या रस्त्यावरचं ठाणं. आजच्या भाषेत हायवेवरचं बाजारगाव.

१९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि रा. श्री. गुप्ते हे त्याचे प्रमुख. मातीतून काय निघालं? मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या वस्तू, सातवाहनांची नाणी. राजाचा खजिना नव्हे, कारागिरांच्या गावाचा पसारा. आणि त्यात हस्तिदंती कामही होतं. त्यातलं स्त्री-मूर्तीचं काम पॉम्पेईच्या बाईशी फार जवळचं निघालं.

यावरून म. के. ढवळीकर यांनी मांडणी केली की पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असावी. ढवळीकर म्हणजे डेक्कन कॉलेजातले नामवंत पुरातत्त्वज्ञ. तोपर्यंत बहुतेकांचा कल मथुरेकडे होता. आपल्याच मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावीही तशीच एक हस्तिदंती स्त्री मिळालीय. ती तेरच्या संग्रहालयात आहे. तेर म्हणजे जुनं तगर, तेही व्यापारी गाव.

आता इमानदारीने दुसरी बाजूही सांगतो, कारण इथे व्हॉट्सअप विद्यापीठ नको. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे, आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. खरोष्ठी चालायची भारताच्या वायव्येला, आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानकडे. भोकरदनला चालायची ब्राह्मी. शिवाय अफगाणिस्तानात बेग्राम नावाच्या ठिकाणी भारतीय हस्तिदंती कामाचा मोठा साठा सापडलाय, त्याच्याशीही या मूर्तीचं नातं दिसतं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, ती उत्तरेकडची. भोकरदनच्या बाजूचे म्हणतात, ते अक्षर सही नाहीच. फर्निचरचे सुटे भाग जोडताना कोणता तुकडा कुठे बसवायचा, याची ती खूण असेल, आणि ती खूण वाटेतल्या कुणी व्यापाऱ्याने किंवा जोडाऱ्यानेही केलेली असू शकते.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे ही खूण मला लगेच पटते. पार्सल उघडून टेबल जोडताना एका पायावर ‘अ’ आणि दुसऱ्यावर ‘ब’ असतं ना, तसंच. पण मला पटतं म्हणून ते सिद्ध होत नाही. वाद अजून खुला आहे. पक्कं एवढंच, की असं काम करणारे हात भोकरदनला आणि तेरला होते, आणि अशी वस्तू पॉम्पेईच्या बाजाररस्त्यावरच्या घरात पोचली होती.

बैलगाडी, जहाज, उंट, नाव

मग इथला माल तिथे पोचायचा कसा? यासाठी एक मस्त कागद उपलब्ध आहे. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं गाईडच लिहिलं, ‘पेरिप्लस’ नावाचं. कोणत्या बंदरात काय विकत घ्या, काय विका, कुठे धोका आहे, सगळं. त्यात आपलं पैठण आहे, तेरही आहे. तो लिहितो की पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे. तिथून गोमेदासारखे खडे आणि तगरहून कापड गाड्यांमधून भडोचला येतं. भडोचहून जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे.

तर रस्ता असा. भोगवर्धनहून बैलगाडी निघाली. डोंगर उतरून खानदेशात, तिथून गुजरातेत भडोचला. भडोचचं बंदर अवघड, भरती-ओहोटीचा जोर भयंकर, म्हणून परदेशी जहाजांना आत आणायला स्थानिक नावाडी पुढे जायचे. जहाजं इजिप्तकडून जुलैत निघायची, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर इकडे यायची, माल भरून हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्यावर परत. ज्या पावसाची वाट आपण जूनमध्ये कापूस लावायला बघतो, त्याच वाऱ्यावर हा सगळा धंदा उभा होता.

पुढे तांबड्या समुद्रातलं बंदर. तिथे माल उतरवून उंटावर, वाळवंट तुडवत नाईल नदीपर्यंत. मग नावेने अलेक्झांड्रिया. रोमन साम्राज्यात शिरताना पूर्वेकडच्या मालावर कर किती? पंचवीस टक्के! मग भूमध्य समुद्र ओलांडून इटलीत. अलेक्झांड्रियाची जहाजं इटलीत ज्या बंदराला लागायची, त्याचं नाव पुतेओली.

नाव ओळखीचं वाटलं? सुरुवातीची भिंत आठवा. गुरुवारी पुतेओली, शनिवारी पॉम्पेई. दोन्ही एकाच आठवडी बाजारांच्या फेऱ्यातली गावं. जगाच्या एका टोकाकडून आलेला माल बंदरात उतरला की पुढचा प्रवास या बाजार करणाऱ्या लोकांच्या ओळखीच्या वाटेवरचा.

शंभरपट

आता पैशाचं बोलू. या मालावर एक रोमन माणूस फार चिडलेला होता. प्लिनी त्याचं नाव. आरमाराचा अधिकारी आणि जाडजूड ग्रंथ लिहिणारा विद्वान. त्याने लिहून ठेवलंय की भारत आपल्या साम्राज्यातून वर्षाला ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि बदल्यात जो माल पाठवतो तो आपल्याकडे मूळ किमतीच्या शंभरपटीने विकला जातो.

५ कोटी म्हणजे किती? त्या काळी साध्या रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स. भागाकार करा, ५५ हजारांवर सैनिकांचा वर्षाचा पगार होतो. प्लिनीने आकडा फुगवला असेल, चिडलेला माणूस फुगवतोच. हाच प्लिनी व्हेसुव्हियस फुटला तेव्हा जहाजं घेऊन लोकांना वाचवायला निघाला आणि त्या किनाऱ्यावरच मेला. भारतीय मालावर चिडणारा प्लिनी आणि ती भारतीय मूर्ती, दोघांनाही एकाच ज्वालामुखीने गाठलं.

शाळेत आपण हा उतारा अभिमानाने वाचतो. बघा, भारताकडे कसा सोन्याचा ओघ होता! जालना सोन्याचा पालना म्हणणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तर हे ऐकून कॉलर ताठ होते. पण त्या वाक्यातला दुसरा भाग परत वाचा. शंभरपट. म्हणजे पॉम्पेईत जिथे १०० नाणी मोजली गेली, तिथे मूळ गावात १ दिलं गेलं. मधली ९९ गाडीवान, भडोचचा व्यापारी, जहाजमालक, उंटवाला, कर घेणारा सरकारी माणूस, पुतेओलीचा ठोक व्यापारी आणि युकुंडससारखा अडत्या यांच्यात वाटली गेली. यातल्या पुष्कळांनी जीव धोक्यात घातला हेही खरं. जहाज बुडलं तर सगळंच गेलं.

पण जो माणूस आठवडे-महिने वाकून, डोळे बारीक करून त्या बाईच्या बांगड्या एकेक करून कोरत होता, त्याच्या वाट्याला ते १ नाणं. मोसंबीची गाडी भरून मोंढ्यात उभ्या राहणाऱ्या जालन्याच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. तीच मोसंबी मोठ्या शहरात ज्यूसच्या ग्लासात किती रुपयांना जाते, हे त्यालाही माहीत आहे.

त्या कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पॉम्पेईच्या अडत्याचं नाव आपल्याला पूर्ण तीन शब्दांत माहीत, कापड दुकानदाराचं माहीत, घागर हरवलेल्या माणसाने बक्षीस किती लावलं तेसुद्धा माहीत. ज्याचा माल, त्याचं नाव नाही.

अगदीच काही नाही असं मात्र नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक ओळ कोरलेली आहे. अर्थ असा की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. एकेकाचं नाव नाही, पण सगळ्यांचं मिळून आहे. हे लोक श्रेणीत संघटित असायचे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. नाशिकच्या लेण्यातल्या एका लेखात तर विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे, महिना एक टक्का व्याजाने. कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं. लोक ज्यांच्याकडे ठेवी ठेवतात, त्यांची बाजारात पत असणारच. एकटा कारागीर भावाच्या घासाघिशीत हरत असेल, पण एकत्र आले तेव्हा त्यांचं नाव सांचीच्या तोरणावर चढलं. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतून आपण उचलायचं असेल तर हे उचलावं.

आणि आपल्याला काय मिळालं?

शेवटी परत त्या भिंतीवर येतो. एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती.

रोमन बाजाराचं जुनं चक्र सात दिवसांचं नव्हतंच, आठ दिवसांचं होतं. त्याला ते नाव द्यायचे नवव्या दिवसाचं, कारण पहिला आणि शेवटचा दिवस दोन्ही मोजायचे. आता आपला शब्द बघा: आठवडा. दिवस सात, पण नाव आठावरून. ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे आपण पुढच्या त्याच वारी या म्हणतो. मोजायची खोड तीच. त्या भिंतीवर मात्र सात वार आणि आठ गावं आहेत. जुनं चक्र आणि नवे वार यांची सांगड घालायचा प्रयत्न चाललेला दिसतो.

आणि ते वार! शनी, रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. क्रमसुद्धा आपलाच. हे कसं? अभ्यासक सांगतात की ग्रहांवरून वार मोजायची पद्धत ग्रीक ज्योतिषाबरोबर पश्चिमेकडून भारतात आली. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला फार जुना दिनांकित लेख मध्य प्रदेशात एरणच्या स्तंभावर आहे. साल इ.स. ४८४, वार गुरुवार. पॉम्पेई गाडलं गेल्यावर चारशे वर्षांनी.

म्हणजे भोगवर्धनचा तो हस्तिदंत कोरणारा माणूस तिथी सांगू शकला असता, नक्षत्र सांगू शकला असता. पण ‘आज शनिवार, आज बाजार’ हे वाक्य त्याला बहुधा कळलंच नसतं. इकडून कापड, खडे, हस्तिदंत गेलं, आणि लोकांच्या त्याच जाण्यायेण्यातून कधीतरी वारांची नावं इकडे आली. सोनं आलं, ते राजांकडे आणि श्रेष्ठींकडे गेलं आणि संपलं. वार मात्र सगळ्यांना मिळाले, आणि ते टिकले. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी ते तिच्यापर्यंत पोचले, आणि तेही बाजाराच्या वाटेनेच.

म्हणून ‘आपल्या जालन्यात बघण्यासारखं काय आहे?’ असं कुणी विचारलं ना, तर त्याला एकदा राजूरच्या पुढे घेऊन जा. भोकरदनला उतरा, केळनेच्या काठी जरा उभे राहा, आणि मोबाईलवर पॉम्पेईच्या त्या बाईचा फोटो उघडून दाखवा. पुढचं तो स्वतः विचारेल.

आणि तुमच्या गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो, तो वार कुणी आणि कधी ठरवला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आम्हाला नक्की पाठवा. व्हॉइस नोट चालेल. आमच्या आजीसारख्या पंचक्रोशीतले सगळे वार तोंडपाठ असलेल्या कुणाचा आवाज आला, तर पुढच्या भागाची सुरुवात त्याच आवाजाने करू.

भेटूया मग, आठ दिवसांनी!